डिस्क भरली, आधी कुणाला कळवायचं?

नाही, मला एक सांगा, घराला आग लागली तर तुम्ही आधी कुणाला बोलावता? बंबवाल्याला. बरोबर? का गल्लीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडे जाता, टोपी सरळ करता, आधी गुडघ्याची चौकशी करता, आणि मग हळूच सांगता, की बरं का, आमच्याकडे जरा आग लागलीय, तुमची हरकत नसेल तर विझवावी म्हणतो? ...आमच्या कंपनीत हेच चालतं! अगदी हेच! सर्व्हरची डिस्क भरत आली की अलार्म वाजतो, आणि ती डिस्क सांभाळायला ठेवलेला माणूस कोण, तर हा मी, एर्मेक, बत्तीस वर्षांचा, कॉम्प्युटरच्या दोन पदव्या, डोळ्यांना जाड भिंगं, आणि तो अलार्म मला कळतो कधी? सगळ्यात शेवटी!

हसू नका. म्हणजे हसण्यासारखंच आहे, पण आधी ऐकून घ्या.

तुम्हाला सांगतो, आमची कंपनी बिश्केकमधे, तिसऱ्या मजल्यावर, खाली दातांचा डॉक्टर. काम काय, तर समारंभ दाखवायचे. गावात कुणाचं लग्न, कुणाची सत्तरी, कुणाच्या बाळाला पाळण्यात घालायचंय, आणि घरातली निम्मी माणसं कामाला रशियात! कुणी मॉस्कोत विटा उचलतंय, कुणी सैबेरियात बस चालवतंय, ती बिचारी येणार कशी? तर आम्ही इथं कॅमेरा लावायचा, त्यांनी तिथं फोनवर बघायचं, घडतंय त्याच क्षणाला, आणि मग ते सगळं आमच्या सर्व्हरवर ठेवून द्यायचं. आता ठेवायचं म्हटलं की जागा लागते. ऐंशी टक्के भरली की पहिला अलार्म, नव्वदला दुसरा, पंच्याण्णवला तिसरा, पुढं एकेका टक्क्याला एकेक, आणि शंभर झाले की... संपलं! नवीन काही लिहिता येत नाही, लिहिता येत नाही म्हणून दाखवता येत नाही, तिकडे रशियात फोनवर नवरी नमस्काराला अर्धी वाकलेली, ती तशीच वाकलेली राहते. साधी गोष्ट आहे. ऐंशीला कळलं तर मी जुनं काढीन, जागा करीन, चहा पिऊन घरी जाईन. ऐंशीला कळलं तर!

तर अलार्म बसवला तेव्हा मी यादी केली, कुणाच्या फोनवर आधी जायचं त्याची. पहिलं नाव माझं, दुसरं आयपेरीचं. आयपेरी म्हणजे आमच्याकडची दुसरी कॉम्प्युटरवाली, चोवीस वर्षांची, माझ्यापेक्षा हुशार, आणि हे तिलाही माहीत आहे. मोठ्या ऐटीत यादी घेऊन गेलो गुलसुन एजेंकडे. एजे म्हणजे ताई, आणि या ताई आमच्या मालकीणबाई. वय बावन्न, आवाज असा की खालच्या डॉक्टरचा पेशंट आपोआप तोंड उघडतो. त्यांनी यादी बघितली, चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत बघितली.

"एर्मेक, हे काय?"

म्हटलं, "यादी, एजे."

"तुला आधी कळणार? आणि अक्सकालांना?"

"एजे, पण डिस्क मी सांभाळतो ना..."

"तू डिस्क सांभाळ, मान मी सांभाळते! तुमच्या घरी पाहुणे आले की पहिला चहाचा पेला पाळण्यातल्या पोराला देतात का रे?"

पेल्याचं नाव काढलं की आमच्यातला माणूस खोडरबर काढतो. यादी उलटी झाली. पहिले अक्सकाल, म्हणजे आमचे पांढऱ्या दाढीचे थोरले, मग एजे, मग मी. आयपेरीचं नाव तर पडलंच खाली, कारण तिच्या वयाचं माणूस यादीत शोभत नाही म्हणे. आणि एकदम सगळ्यांना पाठवायचं नाही हं! तोही अपमान! आधी थोरल्यांना एकट्यांना, त्यांनी तासाभरात 'बघितलं' असं बटण दाबलं नाही तरच पुढच्याला. आणि त्यांनी दाबलं, की विषय मिटला, अलार्म गप्प. मग मला कळणार कधी? सगळ्यात शेवटी, तेही कुणी विसरलं तर!

आणि अक्सकाल विसरत नाहीत! तुरगुनबाय अक्सकाल, वय चौऱ्याहत्तर, गुलसुन एजेंचे सख्खे काका. कंपनी त्यांच्या गॅरेजात सुरू झाली म्हणून तहहयात मानाचे अध्यक्ष. पांढरीशुभ्र दाढी, उंच टोपी, सोन्यासारखा माणूस, सोव्हिएतांच्या काळात सरकारी शेतावर बारा हजार मेंढ्यांचे प्रमुख होते. कुणी पत्र पाठवलं आणि त्यांनी उत्तर दिलं नाही असं आयुष्यात झालेलं नाही. सर्व्हरचा मेसेज आला की चार सेकंदांत बटण. चार! मी मोजलेत नंतर. शिवाय खाली उत्तर टाइप करतात, सर्व्हरला! 'वाचलं, पोरा. सुखी राहा.'

तर दोन महिने मला एक अलार्म नाही. मी खूश! म्हटलं काय झकास सर्व्हर आहे, भरतच नाही. तुम्ही म्हणाल, अरे गाढवा, स्वतः जाऊन बघायला काय झालं होतं? झालं होतं ना! घरात पोरगं चालायला लागलं होतं! चौदा महिन्यांचं पोरगं चालायला लागलं की बाप डिस्क बघतो की टेबलाचे कोपरे?

आणि इथं माझी आई येते. नीट ऐका, कारण सगळं तिच्यासाठीच होतं.

माझी आई येकातेरिनबुर्गात, पावाच्या भट्टीवर. तीन वर्षं झाली. नातवाला तिनं फोनवर बघितलंय, हातात घेतलेलं नाही, एकदाही नाही. सुट्टी मिळत नाही, मिळाली तर परत घेतील की नाही माहीत नाही. बाकी कशाचं तिनं कधी काही म्हटलं नाही, बारशाला नाही, जावळाला नाही. पण बेकझात पहिलं पाऊल टाकलं तेव्हा मला म्हणाली, "एर्मेक, तुशू मी बघणार. मी बघितल्याशिवाय दोरा कापायचा नाही." आता तुशू म्हणजे, पोर चालायला लागलं की त्याच्या दोन्ही पायांना काळापांढरा दोरा बांधायचा, त्याला उभं करायचं, लांबून सगळ्यांनी पळत यायचं, पहिला येईल त्यानं दोरा कापायचा, की पोर आयुष्यभर अडखळत नाही. एकदाच होतं हे, एका पोराचं एकदाच. आणि आईला जेवणाची सुट्टी बारा ते साडेबारा. तिचे बारा म्हणजे आमचा एक. एक ते दीड, अर्धा तास, मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. तिनं भट्टीतल्या सगळ्या बायकांना सांगून ठेवलेलं, नवीन रुमाल बांधलेला डोक्याला. मी म्हटलं, आई, रुमाल कशाला, तू त्यांना दिसणार नाहीस. म्हणाली, मला ते दिसणार आहेत ना!

शनिवार उजाडला. तोकमोकच्या पुढं आमचं गाव, अंगणात चुली, मोठ्या कढईत मटण, बायका सकाळपासून तळतायत, पाहुणे आले, गुलसुन एजे आल्या, आणि मानाच्या जागी, खोलीत दारासमोरच्या अगदी टोकाला, तुरगुनबाय अक्सकाल! किती मोठेपणा! मी तर फुलून गेलो होतो. माझी बायको जाझगुल अंगणात फोन तिकाटण्यावर लावून बसलेली. साडेबाराला आयपेरीचा फोन. ती ऑफिसात, सर्व्हरजवळ.

"बाइके, घाबरू नका हं."

बाइके म्हणजे दादा, आणि दादाला घाबरू नका म्हटलं की तो आधी घाबरतो. म्हटलं, "काय झालं?"

"सत्त्याण्णव."

"काय सत्त्याण्णव?"

"डिस्क."

"डिस्क?! अगं पण अलार्म? अलार्म कसा नाही वाजला?"

"वाजला की. ऐंशीला वाजला, नव्वदला वाजला, पंच्याण्णवला, शहाण्णवला वाजला, आत्ता सत्त्याण्णवला वाजला. सगळे अक्सकालांनी बघितलेत."

"बघितलेत म्हणजे?"

"म्हणजे बटण दाबलंय. मी आपली सहज डोकावले म्हणून दिसलं. आज शनिवार, आपली चार गावांत लग्नं चालू आहेत, भराभर चढतंय. एकपर्यंत टिकेल, फार तर एक वाजून पाच."

एक वाजून पाच! आई एकला बसणार! मी तिथंच, कढईपाशी, ओरडलो, "काढ! जुनं काहीतरी काढ!"

"काढलं. तीन वर्षांपूर्वीची सात लग्नं काढली."

"मग?"

"सत्त्याण्णवच."

आणि मला आठवलं. चाळीस दिवस! अहो, काय सांगू तुम्हाला, आमच्याकडे फाइल काढली तरी जात नाही! गुलसुन एजेंचा नियम! लग्नासारखं लग्न, ते एका क्षणात पुसायचं म्हणजे अपशकुन, म्हणून माणूस गेल्यावर जसे चाळीस दिवस पाळतात तसे फाइलीलाही चाळीस दिवस. काढलेलं सगळं एका खोलीत जाऊन पडतं, त्याच डिस्कवर, तेवढीच जागा अडवून, सुतकात! आणि ती खोली वेळेआधी रिकामी करायची तर लागते कुणाची परवानगी?

"अक्सकालांची," आयपेरी म्हणाली. "आणि बाइके, अजून एक. सगळ्यात मोठं काय आहे बघितलंत का? अक्सकालांची सत्तरी. तीन दिवस, पाच कॅमेरे. आणि तीच तीनदा ठेवलीय. तीन प्रती. अर्धी डिस्क तीच आहे."

अर्धी डिस्क! पण मला, खरं सांगू, हायसंच वाटलं. अरे, अक्सकाल तर माझ्याच घरात बसलेत, वीस पावलांवर! जायचं, विचारायचं, हो म्हणतील, संपलं! एकला अजून वीस-पंचवीस मिनिटं आहेत!

वीस पावलं. हो. तुम्ही कधी आमच्याकडच्या भरल्या पंगतीत दारापासून मानाच्या जागेपर्यंत गेलायत का? दोन्ही बाजूंना माणसं मांडीला मांडी लावून, मधे दस्तरखान, म्हणजे जेवणाची चादर, त्यावर पाय ठेवायचा नाही, पाठीमागून जावं तर भिंत, म्हणून गुडघ्यांवर सरकत जायचं. आणि मी कोण? बाळाचा बाप! मला सोडतील होय?

पहिल्याच वळणावर मामा. "अरे, बाप आला! तोंड उघड!" आणि मुठीतलं मटण, चरबीसकट, माझ्या तोंडात. हातानं भरवलेला घास नाकारता येत नाही. गिळला, दोन हात सरकलो, तर शेजारचे काका. "त्याच्या हातचं खाल्लंस, माझ्या हातचं नको?" तोही घास. मग सासरे. सासऱ्यांचा घास तर काय, सासऱ्यांच्या मापाचा! मी म्हणतोय, "डिस्क... डिस्क..." आणि ते म्हणतात, "बघा, जावई म्हणतोय अजून द्या!"

अक्सकालांपाशी पोचलो तेव्हा दोन्ही गाल भरलेले, डोळ्यात पाणी, शब्द फुटत नाही. आणि नेमके त्याच क्षणाला त्यांनी दोन्ही तळवे वर केले. आशीर्वाद! अक्सकालांचे हात वर गेले की चाळीस माणसांचे चाळीस जोड हात वर, आणि त्यात कुणी तोंड उघडायचं नाही. मी हात वर केले. दुसरं काय करणार?

"बाळाचे पाय घोड्यासारखे होवोत... अंगण भरलेलं राहो... मेंढ्यांना जुळी होवोत..." आणि खिशात त्यांचा फोन वाजला. ट्रिंग!

अक्सकाल थांबले. आशीर्वादाच्या मधे! फोन काढला, हातभर लांब धरला, वाचला, आणि त्यांचा चेहरा असा उजळला, असा उजळला की विचारू नका. चार सेकंदांत बटण. आणि मान वर करून, खड्या आवाजात, सगळ्या पंगतीला:

"पोरांनो! आमच्या कंपनीचं काम बघा! अठ्ठ्याण्णव टक्के!"

"ओमीन!" चाळीस माणसं एकदम, म्हणजे तथास्तु.

"ऐंशीपासून बघतोय मी! दोन महिन्यांत अठ्ठ्याण्णव! माझ्या शेतावर लोकरीची योजना आम्ही वर्षाच्या शेवटी कशीबशी नव्व्याण्णववर नेली होती, एक टक्क्यासाठी पदक गेलं माझं! आणि ही पोरं बघा, अजून वर्ष अर्धंही झालं नाही!"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. योजना! अहो, त्यांना वाटत होतं योजना पुरी होतेय! आख्खं आयुष्य त्या माणसानं टक्के म्हणजे लोकर, टक्के म्हणजे दूध, शंभर झालं की भिंतीवर फोटो, हेच बघितलेलं, आणि माझा सर्व्हर त्यांना सांगतोय ऐंशी, नव्वद, पंच्याण्णव... ते सर्व्हरला उत्तरं काय पाठवत होते माहीत आहे? मी नंतर वाचली. 'शाब्बास.' 'असंच चालू द्या.' 'आता मागं हटू नका.'

मी घास गिळायचा प्रयत्न करतोय, तो सासऱ्यांचा, उतरत नाही, आणि बाहेर जाझगुलचा आवाज, "एक वाजला! सासूबाई बसल्यात! धावा!" ती बरोबरच होती, एक म्हणजे एक. पोरांची टोळी सुटली, धुरळा, आरडाओरडा, शेजारचा पोरगा पहिला आला, त्यानं सुरी वर केली...

ट्रिंग!

"नव्व्याण्णव मघाशीच झाले, हे शंभर!" अक्सकाल उठून उभे राहिले. "शंभर टक्के! योजना पूर्ण!" आणि पंगतीनं टाळ्या वाजवल्या! माझ्या घरात, माझी डिस्क भरली म्हणून, टाळ्या! गुलसुन एजेसुद्धा वाजवतायत, काकांना आनंद झालाय ना, मग कशाला झालाय हे कोण विचारतो! माझा फोन, आयपेरी: "बाइके, गेलं." तिचा ठेवतोय तोवर आईचा.

"एर्मेक, अरे माझ्याकडे एक पोरगा सुरी वर धरून उभाय. खाली करतच नाही. काय झालं? बेकझात कुठंय? कापला का दोरा?"

खिडकीतून मला दिसत होतं. कापला होता. बेकझात दोन पावलं चालला होता, बायका हसत होत्या, आणि माझी आई आठशे कोसांवर त्या सुरीकडे बघत बसली होती. मी म्हटलं, "आई, थांब जरा." "थांबते की," म्हणाली, "थांबायलाच बसलेय."

आणि माझं डोकं फिरलं. खरंच फिरलं. मी उभा राहिलो, अक्सकालांसमोर, भर पंगतीत, आणि ओरडलो:

"शंभर वाईट असतं! शंभर म्हणजे जागा संपली! बंद पडलं सगळं! माझ्या आईला तिचा नातू दिसला नाही, आणि का, तर त्या जागेत तीन-तीनदा तुमची सत्तरी भरून ठेवलीय!"

बाहेरची कढई खदखदताना ऐकू यायला लागली. सासऱ्यांनी पुढचा घास हळूच ताटात ठेवला. गुलसुन एजेंचं तोंड उघडं. अक्सकालांवर आवाज चढवला! मी मनात म्हटलं, नोकरी गेली, सासर गेलं, गाव गेलं.

अक्सकाल खाली बसले. हळूच विचारलं, "शंभर वाईट असतं?"

"हो."

"आणि मी... बटण दाबलं की तुला कळत नाही?"

"नाही, अक्सकाल."

अक्सकालांनी दाढी चाचपली. मग एजेंकडे वळले. "गुलसुन, माझी सत्तरी तीनदा कशाला?"

एजे, ज्यांच्या आवाजाला दात घाबरतात त्या एजे, बारीक आवाजात म्हणाल्या, "एक तुमच्या नावाची, काका. एक माझ्या. आणि एक... असावी म्हणून."

"त्यात मी काय करतो?"

"जेवता."

"तीन दिवस?"

"तीन दिवस."

"म्हणजे नऊ दिवस मी जेवतोच आहे! आणि त्याच्या आईला बसायला जागा नाही?" आणि माझ्याकडे बोट. "काढ. तिन्ही काढ! काय खाल्लं ते मला आठवतंय. आणि ती तुमची सुतकाची खोली, तीही झाड. कुणी विचारलं तर म्हणावं तुरगुनबायनं सांगितलं."

मी आयपेरीला फोन लावला, मोठ्या आवाजावर टाकला. तिनं काय विचारावं? काही नाही, नुसतं "दाबू?" म्हणाली, मी म्हटलं "दाब!" आणि ती आकडे सांगायला लागली. "चौऱ्याण्णव... ब्याऐंशी... एकसष्ट..." मला तर नाचावंसं वाटत होतं, आणि अक्सकाल? प्रत्येक आकड्याला त्यांचा चेहरा उतरतोय! "अठ्ठेचाळीस..." "अरेरे," पुटपुटले, "अठ्ठेचाळीसला तर मला निलंबित केलं असतं रे."

घड्याळ बघितलं, एक वाजून चौदा. चित्र परत सुरू. पण दोरा तर कापलेला! आजीबाई कुजबुजल्या, दुसऱ्यांदा बांधतात का कधी, असं कुठं ऐकलंय का. अक्सकाल उठले, टोपी डोक्यावर दाबली. "बांधा पोराला. ही शर्यत मोठ्यांची. मी पळणार!"

मला वाटलं, झालं, आता लवकर उरकेल. देवा! मला एवढं आयुष्य इथं काढून अक्कल यायला नको होती? अक्सकाल पळणार, म्हणजे त्यांच्या पुढं कोण जाणार?! चाळीस माणसं रांगेला उभी, त्यात मामा कुस्तीवाले, त्यात आमच्या गावचा घोडेस्वार, जो घोड्याशिवायही घोड्याइतका पळतो, "पळा!" झालं, आणि सगळे निघाले... अक्सकालांच्या मागं. एक पाऊल मागं. अक्सकालांचा उजवा गुडघा वाकत नाही, ते टुक टुक करत चाललेत, आणि मागं चाळीस धट्टेकट्टे लोक जागच्या जागी उड्या मारत पळतायत, कोपरं हलवतायत, धापासुद्धा टाकतायत, मान म्हणून! आई माझ्या फोनवर, "हे काय रे, हळू लागलंय का अजून?" मी म्हटलं, "नाही आई, हे खरंच एवढंच आहे!" एक वाजून एकोणीस. एक वाजून एकवीस. जाझगुल दातओठ खात, "वाढदिवसाला पोचतील म्हणावं!"

आणि अर्ध्या वाटेत... ट्रिंग!

अक्सकाल थांबले. चाळीसच्या चाळीस थांबले! मामा तर एका पायावर! अक्सकालांनी खिसा चाचपला, फोन काढला, हातभर लांब धरला, वाचला. 'जागा मोकळी झाली.' आता माणूस शिकलेला होता ना! मान वळवून, तिथूनच, अंगण ओलांडून मला हाक:

"एर्मेक! हे दाबू का नको?"

"दाबा!!" मी नाही हो, सगळं गाव ओरडलं!

एक वाजून सत्तावीसला पोचले. घामाघूम, तरी दोरा एका घावात कापला. आणि बेकझात? खाली बसला! मटकन! आई तिकडून, "चाल ना रे, माझ्या राजा, दोन मिनिटं राहिलीत आजीची." आवाज माझ्या हातातल्या फोनमधून आला, तसा त्यानं माझ्याकडे बघितलं, ढुंगण वर केलं, उठला, आणि चालत आला. चार, पाच, सहा पावलं, सरळ फोनकडे, आणि फोन तोंडात घातला. तिकडे आई हसतेय, रडतेय, मागं भट्टीतल्या सगळ्या बायका ओरडतायत, घंटा वाजतेय, कुणी तरी रशियनमधे दरडावतंय, आणि आई, "बघितलं! सगळं बघितलं रे, एर्मेक!" मी रडलो. सांगतो ना, भर अंगणात रडलो, सासऱ्यांसमोर. त्यांनी काय केलं? घास भरवला.

संध्याकाळी अक्सकालांनी मला जवळ बोलावलं. गुलसुन एजेही होत्या. म्हणाले, "एर्मेक, चूक माझी. यादी बदलू या. ज्याचा जीव त्या सर्व्हरमधे अडकलाय, आधी त्याला कळायला पाहिजे." माझा ऊर भरून आला! शेवटी! दोन पदव्या, जाड भिंगं, आणि शेवटी! मी खाली मान घालून म्हटलं, "अक्सकाल, तुम्ही म्हणाल तसं."

"तुझ्या आईचं नाव घाल. एकोणसाठ ना? मग गुलसुनच्या वर. माझ्याही वर घाल, मी मागं थांबतो."

आणि घातलं! काय करणार?! आई तर इतकी मनावर घेते, इतकी, की बटणाला हातसुद्धा लावत नाही, पहिल्या अलार्मला लगेच मला फोन. ऐंशीला! बरोबर ऐंशीला! फक्त फोन लागला की आधी, जेवलास का, काय जेवलास, एवढंच? बेकझात जेवला का, झोपला का, दात किती आले, जाझगुलशी नीट वागतोस ना, तिकडे थंडी पडली का, मोजे घातलेस का, अरे परवा भट्टीवर काय झालं माहीत आहे का... पाऊण तास, तुम्हाला सांगतो, पाऊण तास! आणि मग ठेवता ठेवता, "बरं, ठेवते... अरे हो, ते तुझं काहीतरी ऐंशी टक्के झालंय म्हणे." तोवर तिकडे झालेले असतात ब्याण्णव. म्हणजे मला कळतं कधी? सगळ्यात शेवटी. पण जेवून.